एवढा टप राहिला

"तोंड दिसलं का वं, इंदे?"

आईचा हा आवाज. किती पावसाळे लोटले, आई मातीत मिसळूनही जमाना झाला, पण इंदूबाईच्या हाताला भांडं लागलं की तो आवाज अजून कानाशी येऊन बसतो.

उमरेडच्या पलीकडचं गाव होतं ते. आई दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करून यायची आणि अंधार पडायच्या आत मोरीवर पितळी ताटांचा ढीग पुढ्यात ओढून बसायची. त्या ताटांपलीकडे घरात चमकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. नारळाची शेंडी, चुलीतली राख, आणि गळ्यात गाणं:

चुलीतली राख घेते, घासिते मी काठोकाठ
दिसे लेकराचं तोंड, तवा सोडीन मी ताट

इंदूनं ताट उजेडाकडे धरायचं आणि आत डोकवायचं.

"नाही दिसत वं माय."

"मंग घास अजून. ताट लबाडी करत नाही. आपला हात कमी पडला का ते तोंड लपवते."

तोंड दिसलं की आई ओला अंगठा ताटावरून ओढायची. करकर असा आवाज आला तरच ताट धुतलं म्हणायचं. नाही आला तर पुन्हा राख, पुन्हा शेंडी.

लग्न होऊन इंदूबाई शहरात, सक्करदऱ्याला आली. पितळ गेलं, स्टील आलं. राख गेली, साबणाची वडी आली, मग वडीही गेली आणि लिंबाच्या वासाची पिवळी बाटली आली. गाणं मधल्यामध्ये कुठं गळून पडलं ते कळलं नाही. पण तोंड दिसेपर्यंत सोडायचं नाही, एवढं हातात राहिलं. तेवढं माहेरच म्हणायचं.

आता रविवारी सकाळी, ऊन अंगणात उतरायच्या आत, ती निळ्या गाडीपुढं बादली घेऊन बसते.

गाडी पियुषची. तिचा थोरला. मनीषनगरात गुंजन नावाच्या दोस्ताबरोबर त्यानं गाड्या धुवायचं, चमकवायचं दुकान टाकलं होतं, आणि पहिल्या कमाईत ही जुनी, लहानशी निळी गाडी घेतली होती. आता पियुष भिंतीवर आहे, फोटोत. गाडी अंगणात आहे.

इंदूबाई बादलीत पिवळी बाटली पिळते, फेस चढवते आणि आधी बोनेट घेते. गोल गोल हात. कुठं डाग हट्टाला पेटला तर भांड्यांची हिरवी घासणी. मग पाण्याचा तांब्या, मग अंगठा. करकर वाजते. वाजली की ती कंबर सरळ करून बोनेटवर वाकते आणि बघते.

तोंड दिसत नाही.

आधी दिसायचं. निळ्या पाण्यात पाहावं तसं दिसायचं. मग एका वर्षी धूसर झालं, पुढच्या वर्षी नुसती सावली उरली, आणि आता तर बोनेटवर पांढरट कळा आली आहे, जुन्या चुन्याच्या भिंतीसारखी. टपावर तर रंगाचे पोपडे सुटले, खालून तांबूस गंज डोकावतो. जितकं घासावं तितकं तोंड आत आत जातं. इंदूबाईला वाटतं, आपलाच हात कमी पडतो आहे. म्हणून ती अजून घासते.

ओट्यावर नागसेन बसलेले असतात. तिचा नवरा. वीज मंडळातून निवृत्त झालेला, आधीच कमी बोलणारा माणूस. पियुष गेल्यापासून बोलणं म्हणजे 'चहा' आणि 'दार लाव' एवढंच उरलेलं. गाडी धुताना मात्र ते उठून आत जात नाहीत. बघत बसतात. कोणी आपल्या देखत जखम चोळावी आणि आपल्याला काही म्हणता येऊ नये, तसं बघतात.

एकदा त्यांनी नळाजवळ एक बाटली आणून ठेवली होती. जाडजूड, गुलाबी पाण्याची.

"हे काय?"

"गाडीचा शॅम्पू. गुंजननं देल्ला."

"बाप्पा! माह्या डोक्याले वडी अन् गाडीले शॅम्पू! उद्या तिले तेल-फणी कराले सांगान तुम्ही."

नागसेन हसले नाहीत. "वाटलं तर घे. नाही तर राहू दे."

"काहून? माह्या हातानं मळ निघत नाही का?"

"तसं नाही वं…"

"मंग कसं?"

बाटली नळाजवळ राहिली, उन्हानं तिचा गुलाबी रंग उडाला, आणि पुढं एका दिवाळीत इंदूबाईनं ती न्हाणीच्या माळ्यावर टाकून दिली. नवरा नावं ठेवतो आहे, एवढंच तिला कळलं. आणि नावं ठेवायचा त्याला हक्क आहे, असंही तिला वाटलं. का, ते ती कोणाला सांगू शकली नसती.

कारण त्या एप्रिलमधला तो सकाळचा वेळ. तो तिच्या छातीत अजून ओलाच आहे.

ते वर्षच धुण्याचं होतं. सगळं शहर धुवत होतं. लोक दुधाच्या पिशव्या धूत, कोथिंबीर धूत, कुलपं धूत, नोटा धुऊन दोरीवर वाळत घालत. हवेत काय आहे ते दिसत नव्हतं, म्हणून जे दिसेल ते लोक धूत होते. पियुष तापानं खोलीत पडून होता. नंदिनी, धाकटी, दुसऱ्या खोलीत तापलेली. इंदूबाईचं अंगही कसकसत होतं, पण आईचं अंग कोण मोजतं.

आदल्या दिवशी शेजारचा बळीराम धावत आला होता. त्याच्या बायकोला, प्रेमलताला, श्वास पुरत नव्हता. आतून पियुषच ओरडला, "बाबा, किल्ली द्या त्याले! विचारून काय राहिले?" बळीरामनं गाडी नेली. संध्याकाळी किल्ली फाटकाला अडकवून गेला. प्रेमलता परत आली नाही.

आणि सकाळी पियुषचा श्वास भात्यासारखा वाजायला लागला. बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा बघून नागसेनच्या तोंडचं पाणी पळालं. किती ठिकाणी फोन लावले, कुठं कोणी उचलला नाही, कुठं नाही म्हणाले. शेवटी सदर भागातल्या एका दवाखान्यातून उत्तर आलं: एक खाट रिकामी आहे, लवकर या.

नागसेननं किल्ली घेतली. आणि इंदूबाई गाडीच्या आडवी उभी राहिली.

"थांबा. ह्या सीटवर काल प्रेमलता निजली होती. इथं माह्या पोराले बसवू?"

तेव्हा ते नागसेनलाही पटलं होतं. त्यांनीच पाणी आणून दिलं. तिनं पिवळी बाटली बादलीत उलटी केली, पुरी ओतली. सीटा पुसल्या, मुठी घासल्या, काचा, दारं, बोनेट. फेसानं अंगण पांढरं झालं, लिंबाचा वास गल्लीभर सुटला. पियुष ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. बोलत नव्हता. बघत होता.

"चल वं," नागसेन म्हणाले, "झालं तेवढं बस."

"आलीच. एवढा टप राहिला."

एवढा टप राहिला. हे तिचे शब्द. गाडीच्या टपाला कोण हात लावतं? कोणाचा श्वास टपावर चढतो? पण तिचा हात थांबला नाही. आईनं शिकवलेला हात. काठोकाठ. किती वेळ गेला, ते तिला कधीच ठरवता आलं नाही. कधी वाटतं, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. कधी वाटतं, सगळी सकाळ.

बरोबर एकालाच येऊ देतील, असं फोनवर सांगितलं होतं. आणि आत नंदिनी एकटी होती. म्हणून नागसेन गेले, इंदूबाई फाटकाशी राहिली. मागच्या सीटवर आडवं होताना पियुषनं हात वर केला एवढं तिला दिसलं. तिचे हात फेसाचे होते. तिला त्याच्या तोंडावरून हात फिरवता आला नाही.

सदरला पोहोचेपर्यंत ती खाट दुसऱ्या कोणाची झाली होती. गाड्यांची रांग फाटकाबाहेर लांबवर गेली होती आणि प्रत्येक गाडीत कोणी ना कोणी तोंड उघडं टाकून पडलेलं. त्या रांगेत, मागच्या सीटवर, पियुष गेला. त्याला तिथूनच प्लास्टिकमध्ये गुंडाळून घाटावर नेलं. घरी आणू दिलं नाही. तोंड दाखवलं नाही.

दिवस कलताना गाडी तेवढी परत आली.

इंदूबाई फाटकाशी तशीच उभी होती. रडणं अजून आलं नव्हतं, डोळे नुसते बघत होते. आणि त्या डोळ्यांनी एक गोष्ट बघितली: गाडीच्या मागच्या दाराची काच खाली केलेली होती.

जुनी गाडी. काच हातानं फिरवायची. मागचं हॅन्डल इतकं घट्ट की धडधाकट माणूसही दातओठ खाऊन फिरवी. पुढं बसून त्याला हात पोहोचत नाही.

पाचव्या का सहाव्या रात्री, सगळं शांत झाल्यावर, तिनं नवऱ्याला विचारलं, "काही बोलला का तो?"

"नाही. झोपला होता. झोपेतच…"

"मंग मागची काच कोनं उघडली?"

नागसेननं भिंतीकडे तोंड केलं. "गरम होऊन राहिलं होतं," म्हणाले. कोणाला, ते सांगितलं नाही.

तेव्हाच तिला कळलं. पोरगा जागा होता. पोरगा बोलला होता. आणि जे बोलला ते हा माणूस गिळून बसला आहे.

पुन्हा तिनं विचारलं नाही. ऐकायची ओढ अशी की जीव कासावीस व्हावा, आणि भीती अशी की कानात बोटं घालावीत. काय बोलला असेल ते तिला ठाऊकच होतं जणू. धुणं धुताना, पोळी भाजताना, विहारात वंदनेला बसल्यावरसुद्धा ते तिला ऐकू येई, अगदी त्याच्या आवाजात: 'आई, मी ओट्यावर मरून राहिलो होतो, अन् तू टप धूत बसली.' दुसरं काय म्हणणार पोरगा? आणि दुसरं काय असं असेल की बापानं आईपासून लपवावं?

त्या दिवसांत आईची एक विसरलेली ओवी मात्र तिच्या तोंडी आपोआप आली. कुठल्या तरी दुष्काळात रचलेली असावी.

ताट ठेवलं पालथं, कोन जेवाचा राहिला
वाट पाह्यते चुलाणी, इस्तू राखेत निजला

आणि रविवार आला की ती बादली भरी.

यंदा नंदिनीची बदली चंद्रपूरला झाली. बँकेतली नोकरी, फिरतं काम. ती म्हणाली, "आई, दादाची गाडी मी नेतो. पडून पडून सडून राहिली. पण हिचे कागद आता नव्यानं करा लागतीन, अन् अशा तोंडानं हिले कोणी पास नाही करणार. गुंजनदादाकडं नेऊ. रंगाचं काय होते ते पाहू."

"मी येतो," इंदूबाई म्हणाली. मनीषनगरच्या त्या दुकानात पियुष गेल्यापासून तिनं पाऊल ठेवलं नव्हतं.

गुंजन धावत बाहेर आला. पोट सुटलं होतं, दाढीत पांढरं आलं होतं. "या काकू, या! आज कुकडे रस्ता चुकला? चाय आणू का ऊसाचा रस?" आणि मग त्याची नजर गाडीवर गेली. तो भोवती एक फेरी मारून आला. हसू ओठांवरच वाळलं.

"नंदिनी, हे… हे आपली निळीच आहे ना वं?"

"तर का दुसऱ्याची चोरून आणली?"

"कोन धुते हिले?"

"मीच धुतो," इंदूबाई म्हणाली. आवाजात थोडा अभिमान होता. "दर इतवारी. एक खाडा नाही."

"कायनं?"

"कायनं म्हंजे? साबणानं. आपल्या भांड्याच्या."

गुंजननं मान खाजवली, डोळे चुकवले. "मंग तुमच्या घरचे ताटं एकदम चकाचक असतीन, काकू."

"ताटाचं नको सांगू. गाडीचं सांग."

"सांग ना सरळ," नंदिनी म्हणाली. "आईले काय घाबरते?"

"काकू, भांड्याच्या साबणाचं काम काय? तेल काढणं, तूप काढणं. त्याले बिचाऱ्याले काय समजते, हे ताटावरचं तूप आहे का गाडीवरचं मेण? तो समदंच काढते. मेण गेलं का रंग उघडा पडला. अन् आपल्या इथलं ऊन तर तुमाले माहीत. उघड्या पाठीवर माणूस नाही टिकत, रंग काय टिकन? वरून…" त्यानं बोनेटवरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "वरून घासणी पण मारली का?"

इंदूबाईनं मान डोलावली.

"हाय हाय काकू!" तो कळवळून हसला. मग तिच्याकडं बघून एकदम थांबला.

दुकानाच्या भिंतीवर, नळाच्या वर, लाल रंगात हातानं काढलेली पाटी होती. कडा उडाल्या होत्या. इंदूबाईनं ती अक्षरं ओळखली. 'र'चं शेपूट लांब ओढायची पियुषची जुनी खोड. *भांड्याचा साबण चपलांसोबत बाहेर ठेवून यावे.*

"त्यानं लिहिली," गुंजन हळू आवाजात म्हणाला. "गिऱ्हाईक भांडण करे मंग. म्हणे, साबण तो साबण. अन् हा त्याच्यावर चिडे. इतका शांत माणूस, पण ह्याच एका गोष्टीवर चिडे."

पियुष घरीही म्हणायचा, तिला आठवलं. जेवताना, हात धुता धुता. 'आई, तुह्या ताटाले अन् माह्या गाडीले एक साबण नाही चालत वं.' तिला ती धंद्याची बात वाटे. बाटल्या खपवायची. ती म्हणे, 'जेव गपचूप.'

"मेण किती धुण्यात जाते?" तिनं विचारलं.

"साबण किती घेतला त्याच्यावर आहे. कमी कमी घेतला तर टिकते जरासं. जास्त घेतला तर एकाच धुण्यात…"

"पुरी बाटली ओतली तर?"

गुंजननं तिच्याकडं पाहिलं. त्याला काय कळलं, किती कळलं, कोण जाणे. तो स्टूल ओढून तिच्या पायाशी बसला.

"काकू, त्या वर्षी साथीत दुकान बंद होतं. कामच नव्हतं. तर हा रोज येऊन हीच गाडी घेऊन बसे. पॉलिशची मशीन पडून होती, तिले हात नाही लावला. बोटाच्या पोटानं मेण चढवे. एक कोट वाळला का दुसरा. मी म्हणो, अबे, लग्न लावतो का हिचं? पाणी टाकलं का मोत्यासारखे थेंब उभे राहत बोनेटवर, पसरतच नसत. अन् हा वाकून वाकून पाहे. म्हणे, 'माह्या आईचा एकच सवाल असते, तोंड दिसलं का. तिले दाखवतो. ताटाची काय बिशाद, म्हणीन.'"

ऊसाचा रस आला. बर्फ वितळून पिवळं पाणी झालं तरी तो तसाच राहिला.

त्या सकाळी, बादली घेऊन ती गाडीकडं वळली तेव्हा, बोनेटमध्ये एक बाई दिसली होती. तोंडाला फडकं बांधलेली, डोळे फाटलेले. इतकी लख्ख की इंदूबाई दचकली होती. मग तिनं त्या बाईच्या तोंडावर फेस ओतला.

परत येताना नंदिनी रंगाचं काही बोलत होती. इंदूबाईच्या कानावर नुसता आवाज येत होता. मागच्या सीटवर बसली होती ती, त्याच्या जागी. वाटेत तिनं हॅन्डलला हात घातला. फिरत नव्हतं. दोन्ही हात लावले तेव्हा काच थोडीशी खाली सरकली आणि गरम वारा तोंडावर आला.

घरी नागसेन ओट्यावर होते. दुपार कलली होती, भिंतीची सावली अंगणात अर्ध्यावर आली होती. नंदिनी आत गेली. इंदूबाई गेली नाही. ती नळापाशी गेली, पिवळी बाटली उचलली, आणि ओट्यावर नवऱ्याच्या शेजारी आणून ठेवली.

"तुमाले माहीत होतं."

नागसेननं बाटलीकडं पाहिलं. मग मान डोलावली.

"मेण जाते हे माहीत होतं. म्हणून तो शॅम्पू आणला होता."

"हो."

"गुंजननं सांगतलं होतं?"

"नाही."

"मंग कोनं?"

पलीकडं बळीरामच्या अंगणात कोणी तरी पत्र्यावर पाणी मारत होतं. त्याची वाफ निघाल्याचा आवाज येत होता.

"इतके वर्षं मले धुऊ देल्ली," ती म्हणाली. "त्याच्या हातचं होतं नव्हतं ते मी माह्या हातानं खरडून काढलं, अन् तुम्ही ओट्यावर बसून पाह्यत राहिले. एक शब्द नाही काढला."

"मेण तर त्याच दिवशी गेलं होतं, इंदू. मंग काय सांगू? तू धुताना त्याच्याशी बोलत राह्यते. ओठ हालतात तुहे. ते कसं बंद करू?"

"मी त्याच्याशी नाही बोलत," ती म्हणाली. "मी माफी मागून राहिली असते."

"कायची?"

"कायची म्हंजे? टपाची! खाट माह्यामुळं गेली. तो ओट्यावर बसला होता, इथं, तुम्ही बसले तिथं, अन् मी टप धूत होती. काच उघडी होती मागची. तो जागा होता. तो हेच म्हणाला ना? आईनं उशीर केला, हेच ना? सांगून टाका आता. मी रोज ऐकतो ते, तुम्ही सांगतलं तर काही जास्त नाही होणार."

नागसेन तिच्याकडं बघत राहिले.

"हे… हे तू धरून बसली? इतके दिवस?"

"तुम्ही काही बोललेच नाही. मंग मीच त्याच्या तोंडात घातलं."

नागसेननं पिवळी बाटली उचलली आणि उगाच उलटीपालटी केली. लिंबाचं चित्र बोटाखाली झाकलं, पुन्हा उघडं केलं.

"खाट आम्ही निघाच्या आधीच गेली होती," ते म्हणाले. "दवाखान्यातल्या पोरीनं सांगतलं. फोन ठेवला अन् लगेच दुसऱ्याले गेली. मले वाटलं, तुले माहीत आहे. मी सांगतलं असन, असं वाटलं. त्या दिवसाचं काय बोललो अन् काय नाही, मले काही आठवत नाही वं. फक्त त्याचं आठवते."

"काय?"

"त्यानं बजावलं होतं, तुले सांगाचं नाही म्हणून."

"नाही सांगतलं तर मरन मी आता. सांगा."

सावली अंगण ओलांडून गाडीच्या चाकापर्यंत आली. मग नागसेन बोलायला लागले, समोर गाडीकडं बघत, एकेक शब्द खाली ठेवत.

"रांगेत उभे होतो. तो उठून बसला. दोन्ही हातानं हॅन्डल फिरवलं, काच खाली केली. मले वाटलं, हवा पायजे असन. तर हात बाहेर काढला अन् दारावर अंगठा ओढला. करकर वाजलं. तू ताटावर वाजवते तसं. हसला वं तो. त्या तसल्या श्वासात हसला. म्हणे, 'बाबा, आईनं ताटासारखी घासली गाडी. माहं समदं मेण गेलं. घरचा वास येऊन राहिला, मोरीतला.' मंग जरा थांबला. म्हणे, 'तिले सांगू नका हां. तिले वाईट वाटन. घरी गेलो का मी लावतो पुन्हा.'"